अकरा मिनिटांनंतरचे नाट्य

११ जुलै २००६ रोजी मुंबईच्या पश्चिम रेल्वेवर अकरा मिनिटांत सात स्फोट झाले. १८० हून अधिक प्रवासी प्राणांस मुकले. निशिकांत कामत यांच्या ‘मुंबई मेरी जान’ (२००८) या चित्रपटात त्यानंतरचे जीवन दिसते. त्यातील वार्ताहर तरुणीचा नियोजित वर स्फोटात दगावतो आणि तिचे दुःख तिचीच वाहिनी विकावयास काढते.

रेल्वेने केळी उत्तरेस धाडणाऱ्या सावद्याला हा विषय दूरचा वाटू नये. तेथील हौशी कलावंतांनी आकस्मिक हिंसेवर लघुनाटिका अवश्य बसवावी. पण ती स्फोट शमल्यानंतर सुरू व्हावी. मारेकऱ्याच्या मनाचा ठाव घेण्यात प्रतिभा वेचणाऱ्यांना मृताच्या घरचा उंबरठा का दिसत नाही?

विशेष न्यायालयाने २०१५ मध्ये बारा जणांना दोषी ठरविले. जुलै २०२५ मध्ये उच्च न्यायालयाने त्या सर्वांना निर्दोष ठरविले. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. मग आमची माणसे मारली कोणी? हा प्रश्न उराशी घेऊन एकोणीस वर्षे काढलेली कुटुंबे, हेच खरे नाट्य होय. ते टाळून रक्ताचा आणि आक्रोशाचा बाजार मांडणारी कला समाजाच्या काय कामाची?