व्हीआरएसची रक्कम आणि दुसऱ्या दिवसाची सकाळ

स्वेच्छानिवृत्तीचा अर्ज भरताना बहुतेक जण एकच आकडा पाहतात, हातात किती मिळणार? आमचे म्हणणे असे की, सही करण्यापूर्वी आणखी दोन प्रश्न स्वतःला विचारले पाहिजेत. ही रक्कम किती वर्षे पुरणार? आणि नोकरी सुटल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी उठून आपण करणार काय? पहिला प्रश्न हिशेबाचा आहे, दुसरा समाधानाचा. दोन्हींचे उत्तर तयार नसेल तर ती निवृत्ती स्वेच्छेची नव्हे, घाईची आहे.

हा अनुभव नवा नाही. २०००-०१ साली सार्वजनिक बँकांनी १५ वर्षे सेवा किंवा वयाची ४० वर्षे पूर्ण झालेल्यांसाठी ही योजना आणली आणि सुमारे एक लाख कर्मचारी बाहेर पडले. २०१९ मध्ये बीएसएनएल आणि एमटीएनएलमधील पन्नाशी गाठलेल्यांसाठी तशीच योजना आली. ३१ जानेवारी २०२० रोजी बीएसएनएलचे सुमारे ७८ हजार आणि एमटीएनएलचे सुमारे १४ हजार कर्मचारी एकाच दिवशी घरी गेले. दोन महिने होण्याआधी देशात टाळेबंदी लागली. निवृत्तीनंतर दुकान टाकू, गाडी भाड्याने लावू, असे बेत ज्यांनी केले असतील, त्यांची काय गत झाली असेल याची कल्पना कुणालाही करता येईल.

आपल्या समाजासाठी या प्रश्नाला वेगळी धार आहे. आरक्षणामुळे मिळालेली ती नोकरी अनेक घरांत पहिला पगार घेऊन आली. त्या पगारावर चार माणसांचे नव्हे, दहा माणसांचे घर चालले. गावचे आईवडील, भावाच्या मुलांची फी, बहिणीचे बाळंतपण, सगळे त्यातूनच. म्हणून निवृत्तीची रक्कम खात्यात जमा होण्याआधीच तिची वाटणी सुरू होते. कुणाला लग्न धडाक्यात हवे असते, कुणाला प्लॉट हवा असतो, कुणी दामदुप्पट योजनेचा कागद घेऊन दारात उभा राहतो. मागणाऱ्या नातलगांना आम्ही दोष देत नाही. त्यांनीही पोटाला चिमटा काढून या माणसाला शिकवले आहे. पण एक गोष्ट घरातल्या सर्वांना बसवून स्पष्ट सांगितली पाहिजे. ही बक्षिसी नाही. पुढच्या पंचवीस-तीस वर्षांच्या जगण्याचे पैसे एकदम हातात आलेले आहेत.

हिशेब साधा आहे. महागाई वर्षाला ६ टक्के धरली तर खर्च साधारण १२ वर्षांत दुप्पट होतो. ५२ व्या वर्षी ज्या घराला महिन्याला ३० हजार लागतात, त्याच घराला ६४ व्या वर्षी ६० हजार आणि ७६ व्या वर्षी १ लाख २० हजार लागतील. राज्य शासनाच्या सेवेत १ नोव्हेंबर २००५ पूर्वी लागलेल्याला महागाईबरोबर वाढणाऱ्या पेन्शनचा आधार आहे. त्यानंतर लागलेल्यांना अंशदानाची योजना लागू झाली. त्यांनी २० वर्षांची सेवा भरली म्हणून अर्ज टाकण्याआधी आपल्या हाती नेमके काय पडेल हे कार्यालयातून लेखी घ्यावे. पेन्शनचा ४० टक्क्यांपर्यंतचा भाग विकून रोख घेता येतो, पण तेवढे पेन्शन पुढे १५ वर्षे कमी मिळते, हेही विसरू नये.

आधी कर्ज फेडा. मग दोन वर्षांचा घरखर्च सहज काढता येईल असा ठेवा. नोकरीबरोबर औषधपाण्याची सोय जात असेल तर नोकरीत असतानाच आरोग्य विमा घ्या. वयाची ५५ वर्षे झालेल्या स्वेच्छानिवृत्तांना पोस्टाची ज्येष्ठ नागरिक बचत योजना साठीपूर्वीही खुली आहे, मात्र निवृत्तीची रक्कम मिळाल्यापासून तीन महिन्यांत खाते उघडावे लागते. आणि प्रत्येक कागदावर पत्नीचे नामनिर्देशन आहे की नाही ते पाहा. ती रक्कम तिच्याही कष्टाची आहे.

आता दुसरा प्रश्न. ज्याच्या बापाला चावडीची पायरी चढता आली नाही, त्याला कार्यालयात खुर्ची मिळाली, नावाची पाटी मिळाली. ती खुर्ची एका दिवसात जाते. पहिला महिना झोपेत आणि पाहुण्यांत निघून जातो. मग दुपार खायला उठते. घरात बसलेला नवरा दिवसातून सहा वेळा चहा मागतो आणि बायकोची निवृत्ती मात्र कधीच होत नाही. पैसा असूनही माणूस चिडचिडा होतो, कारण आपण कुणाच्या उपयोगाचे उरलो नाही ही भावना त्याला पोखरते.

तथागतांनी दीघजाणु नावाच्या कोलिय गृहस्थाला संसारी माणसाच्या सुखाच्या चार गोष्टी सांगितल्या. उद्योगीपणा, मिळवलेल्याचे रक्षण, चांगल्या माणसांची संगत आणि आय-व्ययाचा तोल सांभाळून जगणे. यातल्या दोन गोष्टी पैशाच्या आहेत, तर उद्योग आणि संगत या दोन नोकरी सुटली तरी सुटत नाहीत. सुटू देऊ नयेत.

आणखी एक कटू सत्य आहे. सरकारी कंपनीतून माणूस स्वेच्छेने जातो तेव्हा बहुधा त्याची जागाही भरली जात नाही, आणि जागाच नसेल तर आरक्षण कशाला लावणार? म्हणजे जी वाट चढून आपण वर आलो, ती मागच्या मुलांसाठी अरुंद होते. तिथेच या माणसाचा खरा उपयोग आहे. शिष्यवृत्तीचा अर्ज, जातवैधतेची कागदपत्रे, वसतिगृहाचा प्रवेश, बँकेचे शैक्षणिक कर्ज, यात वस्तीतली मुले अडतात. तीस वर्षे फाइली हाताळलेल्या माणसाला हे काम डाव्या हाताचे आहे. विहारात किंवा अभ्यासिकेत रोज दोन तास बसा. दान द्यायचे तर महिन्याच्या उत्पन्नातून द्या, मुद्दल मोडून नको. पेन्शनर कर्जबाजारी झाला तर समाजाचे काही भले होत नाही.

१८ मार्च १९५६ रोजी आग्र्यात बाबासाहेबांनी शिकलेल्या, नोकरीला लागलेल्या वर्गाबद्दल आपली व्यथा बोलून दाखवली होती. नोकरीत असताना वेळ नव्हता, ही सबब अनेकांनी सांगितली. काहींच्या बाबतीत ती खरीही होती. निवृत्तीनंतर ती उरत नाही. तेव्हा अर्जावर सही करण्याआधी एका कागदावर खर्च मांडा, दुसऱ्या कागदावर सोमवार ते रविवार काय करणार ते लिहा आणि दोन्ही कागद घरच्यांसमोर वाचून दाखवा. दुसरा कागद कोरा राहिला तर अर्ज तूर्त खिशातच ठेवा.