परतीचे दोर कशाला कापायचे?

रविवारच्या पुरवणीत एक मजकूर हल्ली ठरलेला असतो. कुणीतरी लाखांच्या पॅकेजची नोकरी सोडलेली असते, अलिबागच्या आसपास दोन एकर घेतलेली असते, आणि कौलारू घराच्या पडवीत टोपी घातलेला एक प्रसन्न चेहरा आपल्याकडे बघत असतो. मांडव्याची रो-रो 2020 साली सुरू झाली आणि 2024च्या जानेवारीत अटल सेतू खुला झाला, तेव्हापासून रायगडच्या किनाऱ्यावर अशा चेहऱ्यांची संख्या वाढली आहे. जमीन कशी मिळाली, हे त्या मजकुरात सहसा नसतं. महाराष्ट्रात शेतकरी नसलेल्याला शेतजमीन सहज विकत घेता येत नाही, त्यामुळे फोटोतल्या हिरवाईमागे बहुधा आजोबांचा सातबारा उभा असतो. पण ते असो. मजकुराचा सूर एकच असतो: यांनी धाडस केलं, तुम्ही कधी करणार? उरणच्या एखाद्या कंटेनर यार्डात दिवसभर कागद तपासणारा किंवा नागोठण्याला पाळीवर जाणारा, कामात मुळीच जीव न रमणारा माणूस हे वाचून खजील होतो. त्याने खजील व्हायचं कारण नाही, असं माझं मत आहे. त्याच्यापाशी धैर्य कमी नसतं, तजवीज कमी असते. त्यातही सगळ्यात मोठी उणीव परतीच्या वाटेची.

परतीची वाट म्हटलं की मराठी मन जरा बिथरतं, याचं मूळ याच जिल्ह्याशी जोडलेलं आहे. पोलादपूरजवळच्या उमरठचे तानाजी मालुसरे 1670 साली सिंहगडावर पडले, मावळे माघारी पळू लागले, तेव्हा सूर्याजींनी कड्यावरचे दोर कापल्याचं सांगून त्यांना लढायला लावलं, ही कथा आपण शाळेपासून ऐकतो. तेव्हापासून ‘परतीचे दोर कापून टाका’ हा आपला सार्वत्रिक सल्ला झाला आहे. धंद्यात, लग्नात, परीक्षेत आणि आता नोकरी सोडतानाही. पण कथेतला प्रसंग कोणता, हे कुणी बघत नाही. लोक गडावर पोहोचलेले होते, शत्रू समोर होता आणि निकाल काही घटकांत लागणार होता. संसार असा काही घटकांत निकाली निघत नाही. घराचा हप्ता, मुलांची फी, आईचं औषध दर महिन्याला नव्याने समोर येतात. तिथे दोर कापलेला माणूस शूर ठरण्याऐवजी हतबल होण्याचीच शक्यता जास्त. शिवाय मावळे दोर लावूनच वर चढले होते, हेही त्याच कथेत आहे.

छंदासाठी पगाराची वाट सोडल्याचं या किनाऱ्यावरचं सर्वांत मोठं उदाहरण म्हणजे किहीम आणि सलीम अली. गोष्ट अशी सांगितली जाते की पक्ष्यांच्या वेडापायी त्यांनी सगळं सोडलं आणि ते समुद्रकाठी येऊन राहिले. घडलं ते वेगळं, आणि माझ्या मते अधिक बोलकं. ब्रह्मदेशात कुटुंबाचा खाण आणि लाकडाचा व्यवसाय होता, तो बसला. मुंबईला परतल्यावर 1926 साली प्रिन्स ऑफ वेल्स संग्रहालयाच्या निसर्गविभागात त्यांना मार्गदर्शक व्याख्यात्याची नोकरी मिळाली, पगार महिना साडेतीनशे. दोनेक वर्षांत ते त्या कामाला कंटाळले. विद्यापीठाची पदवी गाठीला नव्हती. या क्षणी आपल्या पुरवणीतल्या नायकाने राजीनामा फेकला असता. सलीम अलींनी अभ्यासरजा घेतली. 1928 साली ते बर्लिनला गेले आणि तिथल्या विद्यापीठाच्या प्राणिशास्त्रीय संग्रहालयात एर्विन श्ट्रेझेमान यांच्या हाताखाली पक्षिशास्त्र शिकले. छंदाचं रूपांतर विद्येत झालं ते त्या रजेत. परत आले तेव्हा पैशांअभावी त्यांचं पदच रद्द झालेलं होतं. म्हणजे नोकरी त्यांनी सोडली नाही, नोकरीने त्यांना सोडलं. मग मुंबईचा खर्च टाळायला ते पत्नी तेहमिना यांच्यासह किहीमला राहायला आले.

किहीमला झालेलं काम आज जगभर माहीत आहे. सुगरणीच्या वसाहतीचं त्यांनी महिनोन् महिने निरीक्षण केलं. नर अर्धवट घरटं बांधतो, मादी येऊन तपासते, पसंत पडलं तरच तो ते पुरं करतो आणि मग दुसरं बांधायला घेतो, हे त्यांनी नोंदवलं. 1931 साली मुंबईच्या निसर्ग इतिहास संस्थेच्या नियतकालिकात तो अभ्यास छापून आला. (अर्धं बांधून अंदाज घेणाऱ्या या पक्ष्यावरून बोधकथा रचायचा मोह होतो, तो आवरतो.) मला महत्त्वाचा वाटतो तो या कामाखालचा पाया. डोक्यावर छप्पर होतं. पक्ष्यांचा नाद शाळकरी वयापासूनचा, म्हणजे जवळपास दोन तपांचा होता; तो पगाराच्या कंटाळ्यातून उगवलेला नव्हता. निसर्ग इतिहास संस्थेची ओळख होती. त्यानंतर संस्थानांपुढे त्यांनी जो प्रस्ताव ठेवला तो तर हिशेबी माणसाचाच होता: मानधन नको, फक्त छावणीचा आणि प्रवासाचा खर्च द्या, तुमच्या मुलखातल्या पक्ष्यांची पाहणी करून देतो. हैदराबादपासून त्याची सुरुवात झाली, मग त्रावणकोर, कोचीन आणि इतर संस्थानं. ‘द बुक ऑफ इंडियन बर्ड्‌स’ 1941 साली आलं. पगाराविना ही वर्षं निभावली ती संसार सांभाळणाऱ्या, छावण्यांतून सोबत फिरणाऱ्या तेहमिना यांच्यामुळे, आणि पुस्तक निघण्याआधीच, 1939 साली, त्यांचं निधन झालं होतं. धाडसाच्या गोष्टीत हे नाव एका ओळीत उरकलं जातं. नोकरी सोडणाऱ्याच्या धैर्याचा खर्च बहुतेकदा दुसऱ्या कुणाच्या तरी खात्यावर पडतो, आणि तो कुणाच्या हे आधी विचारलं पाहिजे.

याच जिल्ह्यातला, सलीम अलींप्रमाणे 1896 सालीच जन्मलेला दुसरा माणूस समोर ठेवावासा वाटतो. महाडजवळच्या नाते गावी जन्मलेले, रोह्याला वाढलेले चिंतामणराव देशमुख. केंब्रिजला त्यांनी निसर्गविज्ञान घेतलं, वनस्पतिशास्त्राचं पारितोषिक मिळवलं, आणि मग आयसीएसच्या परीक्षेत पहिले येऊन ते आयुष्यभर फायलींत राहिले. रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर, नंतर अर्थमंत्री. वनस्पती आणि संस्कृत ही दोन्ही वेडं त्यांनी सोडली नाहीत. बागा फुलवल्या, संस्कृतात कविता केल्या, कालिदासाचं मेघदूत मराठीत आणलं. हे सगळं खुर्चीवर बसून झालं. खुर्ची त्यांनी सोडली ती 1956 साली, मुंबईच्या प्रश्नावर, तत्त्वासाठी. धैर्य हा शब्द मी अशा राजीनाम्यासाठी राखून ठेवीन. आवडीसाठी नोकरी सोडणं हा निर्णय शहाणा असू शकतो, चुकीचाही असू शकतो. तो मोजायचं माप मात्र वेगळं आहे.

यावर पहिला आक्षेप ठरलेला: परतीची सोय ठेवली की माणूस मनापासून झोकून देत नाही, दोन दगडांवर पाय ठेवून कुणी मोठं झालेलं नाही. ऐकायला पटतं, पण तपासून पाहिलं तेव्हा चित्र उलटं निघालं. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन विद्यापीठाच्या जोसेफ रॅफी आणि जी फेंग यांनी 2014 साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात हजारो लोकांची बारा-पंधरा वर्षांची माहिती तपासली. नोकरी सांभाळून व्यवसाय सुरू करणारे आणि नंतर पूर्णवेळ त्यात उतरणारे यांचा व्यवसाय बंद पडण्याचा धोका, थेट राजीनामा देऊन उतरलेल्यांपेक्षा सुमारे एक तृतीयांशाने कमी होता. कारण सरळ आहे: पगार चालू असताना माणूस चुका स्वस्तात करतो, आणि जे जमणार नाही ते वेळेत सोडून देतो. हा अभ्यास व्यवसायांचा आहे, चित्रकार-गायकांचा नाही, हे मान्य. तरी झोकून देण्याचं जे तत्त्वज्ञान आपण फुकट वाटतो त्याला निदान एवढं उत्तर आहे. स्वीडनने तर 1998पासून याचा कायदाच केला. नोकरदाराला स्वतःचा व्यवसाय करून पाहण्यासाठी सहा महिन्यांची बिनपगारी रजा हक्काने मिळते. मालकाशीच स्पर्धा नको आणि त्याची मोठी अडचण होऊ नये, या मुख्य अटी. कॅनडात नोकरीच्या हमीसह मिळणारी बाळंतपणाची रजा वर्षापर्यंत वाढवल्यावर आयांमधलं व्यवसाय सुरू करण्याचं प्रमाण वाढल्याचं संशोधकांना आढळलं. रजा व्यवसायासाठी नव्हतीच. जागा राखून ठेवलेली आहे, एवढ्या आश्वासनाने पाऊल पडलं.

सहा महिने हा काळ रायगडच्या किनाऱ्याला नेमका लागू पडतो. शेती करायची आहे? भात निघालं की त्याच वावरात अलिबागचा पांढरा कांदा लावतात, आणि फेब्रुवारी-मार्चकडे त्याच्या माळा बाजारात दिसू लागतात. 2022 साली भौगोलिक मानांकन मिळालं म्हणून हा कांदा सोपा झालेला नाही. रोप, पाणी, काढणी, माळा विणणारे हात आणि त्यांची मजुरी, हे सगळं एका हंगामात समजतं, आणि आपलं प्रेम कांद्यावर आहे की कांद्याच्या फोटोवर, तेही कळतं. पर्यटकांसाठी खोल्या काढायच्या आहेत? मग रजा पावसाळ्यात घ्यावी. गेटवेहून मांडव्याला येणाऱ्या लाँच बंद असताना, दमट गाद्या वाळत नसताना आणि चार-चार दिवस वीज नसताना ज्याचा उत्साह टिकतो त्यानेच पुढे जावं. मूर्तिकला आवडते? पेण, हमरापूर, जोहे इथल्या कारखान्यांत वर्षभर हात चालतात आणि मोठा पैसा गणपतीच्या हंगामात येतो. मधले महिने उधारी आणि कर्जावर काढायचे असतात, कलाकाराच्या हाताइतकीच तिथे सावकाराची आणि बँकेची गाठ असते. प्रत्येक आवडीला पैशांचं असं एक वेळापत्रक असतं. ते बाहेरून दिसत नाही, आत राहून महिन्याभरात दिसतं.

दुसरा आक्षेप मला अधिक गंभीर वाटतो. या जिल्ह्यात नोकरी हा शब्द हलक्याने घेता येत नाही. नवी मुंबई आणि बंदरासाठी उरण-पनवेलच्या शेतकऱ्यांच्या जमिनी गेल्या. 1984च्या जानेवारीत जासईच्या परिसरात दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखालच्या आंदोलनात पाच जण पोलिसांच्या गोळीबारात गेले. थळच्या खत कारखान्याच्या प्रकल्पग्रस्तांची नोकरीची मागणी तर अनेक दशकं चालली. ज्याच्या घराने शेत देऊन कायम नोकरी मिळवली, त्याच्या मुलाला ‘मन रमत नसेल तर सोड’ असं मुंबईहून येऊन सांगणं हा उद्धटपणा आहे. म्हणूनच राजीनाम्याच्या सल्ल्याऐवजी रजेच्या हक्काची गोष्ट बोलावी. लढून मिळवलेली वस्तू टाकायला कुणी तयार होणार नाही, होऊही नये. पण ती गहाण न पडता सहा महिने बाजूला ठेवता आली तर त्या मुलालाही कधी होडी, कधी तबला, कधी शेत अजमावून पाहता येईल. सोडण्याची किंमत आज किती मोठी आहे बघा. निवृत्तिवेतन योजनेत किमान दहा वर्षांचा भरणा हवा, कायम कामगाराला ग्रॅच्युइटीसाठी पाच वर्षांची सलग सेवा हवी, आणि कंपनीचा आरोग्य विमा तर शेवटच्या दिवसाबरोबर संपतो. चाळिशीतल्या माणसाला अडवतं ते हेच. त्याला भित्रेपणा म्हणणारा बहुधा स्वतः विमा उतरवून बसलेला असतो.

कंपन्या म्हणतील, माणूस सहा महिने गेला तर पाळी कोण चालवणार? 2017च्या दुरुस्तीनंतर बाळंतपणाची रजा 26 आठवड्यांची झाली, तेव्हाही हेच विचारलं गेलं होतं, आणि काम थांबलं नाही. सरकारी कर्मचाऱ्यांना 1981च्या रजा नियमांत अभ्यासरजा आहे, असाधारण रजाही आहे. पद राखून बिनपगारी दूर राहण्याची कल्पना महाराष्ट्राच्या प्रशासनाला नवी नाही. ती कारखान्यांच्या वेतनकरारात आणणं युनियनच्या हातात आहे. आजवर करार पगारवाढ, कॅन्टीन, बस आणि वारसाची भरती यांभोवती फिरले, आणि ते स्वाभाविकही होतं. आता कायम कामगारांची संख्या घटते आहे, त्यांची मुलं शिकलेली आहेत, आणि त्यांना हवं असलेलं नेहमी पगाराच्या आकड्यात मावत नाही.

उरतो कंत्राटी कामगार, आणि इथे माझा युक्तिवाद लंगडा पडतो हे कबूल केलं पाहिजे. डोलवी, नागोठणे, उरणच्या गोदामांत रोज गेटवर नाव लागण्याची वाट बघणाऱ्याला रजेचा हक्क देऊन काय उपयोग? त्याला परत यायला जागाच नाही, कारण आजही ती त्याची नाही. त्याच्यासाठी वाट वेगळी आहे: नोकरीशी न बांधलेला आरोग्य विमा, कंत्राटदार बदलला तरी न तुटणारी सेवा, आणि तालुक्याच्या आयटीआयमध्ये संध्याकाळचे वर्ग. धाडसाच्या गोष्टींत तो कधीच नसतो. प्रत्यक्षात छंद जपणारे सर्वाधिक लोक त्याच्यातच सापडतील, गावच्या नाचाच्या मंडळात, भजनात, नारळी पौर्णिमेच्या तयारीत. पुढच्या वेतनकराराच्या मागण्या लिहायला युनियन बसतील तेव्हा पद राखून बिनपगारी रजेचं एक कलम त्यात घालावं, आणि त्याच कागदावर कंत्राटी कामगाराच्या सलग सेवेचं दुसरं. पहिलं मान्य होण्याची शक्यता अधिक आहे, म्हणून दुसरं आधी लिहावं.