मानसशास्त्र अंगणवाडीपर्यंत यावे

मानसशास्त्र घेऊन शिकलेली मुलगी पुण्यात समुपदेशक होते आणि बालशिक्षण शिकलेली मुलगी तुटपुंज्या पगारावर बालवाडीची बाई. हे दोन्ही शिक्षण एकाच व्यक्तीकडे असावे आणि त्या व्यक्तीने इंदापूर तालुक्यातल्या लासुर्ण्यासारख्या गावांच्या अंगणवाड्यांत काम करावे, असे माझे ठाम मत आहे. अमेरिकेत मिशिगनमधील यप्सिलांटी गावी मानसशास्त्रज्ञ डेव्हिड वाइकार्ट यांनी 1962 मध्ये गरीब कृष्णवर्णीय घरांतील 123 मुलांचा अभ्यास सुरू केला. त्यांतील काही मुलांना बालवाडी मिळाली, बाकीच्यांना नाही. शिक्षिका दर आठवड्याला मुलांच्या घरीही जात. बुद्ध्यंकातली वाढ काही वर्षांतच ओसरली. पण चाळिशीत पाहिले तेव्हा बालवाडीत गेलेल्यांचे उत्पन्न जास्त होते आणि अटकेचे प्रमाण कमी. बुद्ध्यंकात न दिसणारे काहीतरी तिथे घडले होते, आणि ते टिपायला मानसशास्त्राची नजर लागली. आपल्याकडे बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डी-कोसबाडला मुले बालवाडीत येत नाहीत म्हणून बालवाडीच पाड्यावर नेली. मूल कुठे रमते हे आधी पाहायचे, मग शिकवायचे, हा त्यांचा क्रम होता.

आता ऊसतोडणीच्या हंगामातले इंदापूर-बारामती डोळ्यांपुढे आणा. भवानीनगरच्या साखर कारखान्यासाठी ऊसतोड मजुरांच्या टोळ्या उतरतात, त्यांची तीन-चार वर्षांची मुले फडाच्या कडेला असतात, काही अंगणवाडीत येतात आणि गप्प बसून राहतात. असे मूल नव्या जागेला बुजले आहे, त्याला कमी ऐकू येते, की त्याचा विकासच वेगळ्या वाटेने चालला आहे? राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक वर्षातून दोनदा तपासणी करते, पण मूल इतरांशी कसे खेळते हे एका भेटीत कळत नाही. सेविकेला पोषण आहार, वजन-उंची आणि मोबाइलवरच्या नोंदी यांतून उसंत मिळत नाही. तिचा अनुभव मोठा आहे, तो मी मुळीच कमी लेखत नाही. पण शंका आली तर विचारायचे कोणाला?

अशी व्यक्ती अंगणवाडीत आणण्यावर एक आक्षेप गंभीर आहे: गावात एकदा ‘मंद’ म्हटले की ते मुलाला आयुष्यभर चिकटते. भीती खरी आहे. मात्र शिक्का मारण्याची घाई बहुधा अर्धवट माहितीतून होते. बालशिक्षण जाणणारी व्यक्ती आधी खेळ बदलून पाहील, बसण्याची जागा बदलेल, आईशी बोलेल. निदान हे नोंदणीकृत तज्ज्ञाचेच काम, हेही तिला ठाऊक असेल. दुसरा आक्षेप पदाचा, आणि तो मला अधिक खरा वाटतो. 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने तीन ते आठ हा पायाभूत टप्पा मानला, तरी अंगणवाडीच्या रचनेत या व्यक्तीची खुर्चीच नाही. प्रत्येक अंगणवाडीला असे माणूस देणे परवडणार नाही, हे मान्य. पर्यवेक्षिकेच्या एका बीटसाठी, म्हणजे तिच्याकडच्या अंगणवाड्यांच्या गटासाठी, एक पद मात्र मागता येईल. तोवर मानसशास्त्राच्या पदव्युत्तर विद्यार्थिनींची प्रात्यक्षिके गाळपाच्या महिन्यांत याच अंगणवाड्यांत ठेवावीत.