युगांडाला जामठ्याचे मैदान द्या

जून २०२४ मध्ये युगांडाचा क्रिकेट संघ ट्वेन्टी-२० विश्वचषकात पहिल्यांदा उतरला. पात्रता फेरीत झिम्बाब्वेला हरवून त्याने ही जागा कमावली होती. गयानातल्या पहिल्याच सामन्यात अफगाणिस्तानने त्याला ५८ धावांत गुंडाळले. दोन दिवसांनी त्याच मैदानावर त्याने पापुआ न्यू गिनीला तीन गडी राखून हरवले. ४३ वर्षांच्या फ्रँक न्सुबुगाने चार षटकांत चार धावा देऊन दोन बळी घेतले. मग वेस्ट इंडिजने या संघाला ३९ धावांत बाद केले आणि न्यूझीलंडविरुद्धच्या पराभवाने स्पर्धा संपली. २०२६ च्या विश्वचषकात आफ्रिका पात्रता फेरीतून नामिबिया आणि झिम्बाब्वे आले. युगांडा घरीच राहिला.

नवख्या संघाचे कौतुक आपण मनापासून करतो, पण ते आठवडाभरच टिकते. महाराष्ट्राने हे जवळून पाहिले आहे. १९९६ च्या एकदिवसीय विश्वचषकात केनिया पहिल्यांदा खेळला. २९ फेब्रुवारीला पुण्याच्या नेहरू स्टेडियमवर १६६ धावाच करून त्याने रिची रिचर्डसन आणि ब्रायन लारा यांच्या वेस्ट इंडिजला ९३ धावांत बाद केले. २००३ मध्ये आपल्या संदीप पाटील यांच्या प्रशिक्षणाखाली हाच संघ विश्वचषकाच्या उपांत्य फेरीत पोहोचला. तरीही कसोटीचा दर्जा त्याला कधीच मिळाला नाही. मोठ्या देशांनी त्याच्याशी नियमित मालिका खेळल्या नाहीत, घरचा कारभारही ढासळला आणि २०१४ मध्ये एकदिवसीय दर्जासुद्धा गेला. उपांत्य फेरी गाठलेला संघ अकरा वर्षांत विस्मरणात गेला.

आता नागपूरचा दाखला पाहा. २७ मार्च २०१६ रोजी जामठ्याच्या मैदानावर अफगाणिस्तानने वेस्ट इंडिजला सहा धावांनी हरवले. त्याच वेस्ट इंडिजने आठवडाभरात ट्वेन्टी-२० विश्वचषक जिंकला, इतका तो विजय तोलाचा होता. पुढच्याच वर्षी अफगाणिस्तानला कसोटीचा दर्जा मिळाला. पुण्यातला विजय काही जामठ्यातल्या विजयाहून हलका नव्हता. फरक पडला तो पाठीशी असलेल्या व्यवस्थेने. युद्धाने पोळलेल्या अफगाणिस्तानला भारताने आधी ग्रेटर नोएडाचे आणि मग डेहराडूनचे मैदान घरचे मैदान म्हणून वापरू दिले. केनियाला असा हात कोणी दिला नाही.

विदर्भाला हे कोणी वेगळे समजावून सांगायला नको. आपला संघ १९५७-५८ पासून रणजी करंडक खेळतो आहे आणि पहिले विजेतेपद आले २०१७-१८ मध्ये. मधली सहा दशके दुबळ्या संघांत गणना होत राहिली. पण दरवर्षी सामने मिळत राहिले. हरलात म्हणून पुढच्या हंगामात घरी बसा, असे कोणी म्हटले नाही. त्या सामन्यांतूनच खेळाडू घडत गेले, अकादमी उभी राहिली आणि चंद्रकांत पंडितांसारखा प्रशिक्षक लाभला तेव्हा फैज फजलचा संघ जिंकायला तयार होता. त्यानंतर २०१८-१९ आणि २०२४-२५ मध्येही करंडक नागपूरला आला.

म्हणून विदर्भ क्रिकेट संघटनेने पुढाकार घ्यावा. संघटनेकडे जामठा आणि सिव्हिल लाइन्स अशी दोन मैदाने आहेत आणि तीनदा रणजी करंडक जिंकलेला संघ आहे. भारतीय क्रिकेट मंडळाच्या परवानगीने दरवर्षी रणजी हंगामाआधी युगांडा, केनिया किंवा रवांडाच्या संघाला नागपुरात बोलवावे. विदर्भाच्या रणजी आणि तेवीस वर्षांखालील संघांशी त्यांचे चार-पाच सामने ठेवावेत. आपल्या खेळपट्ट्यांवर फिरकी खेळायला पाहुणे शिकतील आणि आपल्या पोरांनाही अनोळखी गोलंदाजी खेळायची सवय होईल. याचा खर्च मोठ्या संघटनेला पेलण्याजोगा आहे.

विश्वचषकातली एक जागा ही सुरुवात असते. संघ उभा राहतो तो वर्षानुवर्षे मिळणाऱ्या सामन्यांवर. ज्या प्रांताला साठ वर्षे संधी मिळत राहिली, त्याने ती दुसऱ्याला द्यायला पुढे यायला हवे.