निर्मिकास उत्क्रांतीचें भय नाहीं



सन २०१८ च्या जानेवारींत औरंगाबादेस, म्हणजे आतांच्या छत्रपति संभाजीनगरास, वैदिक संमेलन भरलें होतें. तेथें आलेले तत्कालीन केंद्रीय राज्यमंत्री सत्यपाल सिंह बोलून गेले कीं, डार्विनचें मत शास्त्रदृष्ट्या चूक आहे. माकडाचा माणूस होतांना आपल्या पूर्वजांपैकीं कोणीं पाहिला नाहीं. सबब शिक्षणांत बदल केला पाहिजे. देशांतील तीन विज्ञान अकादमींनीं मिळून हें म्हणणें खोडून काढलें. तरी २०२३ सालीं एन.सी.ई.आर.टी.च्या दहावीच्या पुस्तकांतून उत्क्रांतीचा भाग, पोरांचें ओझें हलकें करण्याच्या सबबीवर, गळालाच.

कोणीं पाहिलें, हाच सवाल ना? मग मंत्र्यांनीं मांडव सोडून आमच्या जाफराबाद तालुक्यांत कपाशीच्या बांधावर यावयाचें होतें. त्याच हंगामांत, २०१७ सालीं, गुलाबी बोंडअळीनें मराठवाड्याचीं बोंडें पोखरलीं होतीं. बीटी कपाशीस २००२ सालीं परवानगी मिळाली. जमिनींतील एका सूक्ष्म जंतूचा विषगुण त्या बियाण्यांत घातलेला. आरंभीं अळ्या मेल्या. पण सगळ्या अळ्या सारख्या नसतात. थोड्या जन्मतःच विषास दाद न देणाऱ्या होत्या. त्या वांचल्या, त्यांचीच पिलावळ वाढली, आणि पंधरा वर्षांत अळीचा वाणच पालटला. हीच उत्क्रांति. ती पोथींत नाहीं, आपल्या कर्जाच्या खातेवहींत आहे! बीटीच्या पिशवीबरोबर कडेला पेरण्यास साध्या बियाण्याची पुडी देत, ती याच शास्त्राच्या आधारें. तें शास्त्र ज्यास कोणीं शिकविलें नाहीं, त्यानें पुडी फेकून दिली तर दोष कोणाचा?

आपले वाडवडील तरी दुसरें काय करीत? टपोरें कणीस बियाण्यास राखीत, चांगला खोंड वळू म्हणून सोडीत. लाल कंधारी व देवणी हीं जनावरें अशाच निवडीनें मराठवाड्यांत तयार झालीं. डार्विननें १८५९ च्या ग्रंथाचा पहिला अध्याय पाळीव जनावरें व पिकें यांवरच लिहिला आहे.

आतां धर्माची गोष्ट. या शास्त्रानें ईश्वर बुडतो, अशी हाकाटी आहे. बुडतें काय तें नीट पाहा. ब्रह्मदेवाच्या मुखांतून ब्राह्मण व पायांतून शूद्र निघाला, ही कथा बुडते. सर्व माणसें एका मूळ कुळाचीं, हें ठरतें. जोतीरावांनीं १८७३ सालीं ‘गुलामगिरीं’त याच जन्मकथेची झडती घेतली, आणि त्याच सालीं २४ सप्टेंबरास सत्यशोधक समाज स्थापिला. निर्मिक एक, माणसें त्याचीं लेंकरें, मध्यें दलाल नको. यांतील कोणत्या शब्दास डार्विन धक्का लावतो? कुंभार एकेक गाडगें हातानें घडवितो, तो कुशल खरा. पण ज्याच्या नियमानें मातीचें गाडगें आपोआप घडेल, तो कारागीर थोर नव्हे काय?

कांहीं पंडित दुसरीकडून येतात व म्हणतात, दशावतार हीच उत्क्रांति. आज चूक आणि उद्यां आमचीच! माणूस कांसव-डुकराच्या वंशांतला नाहीं, आणि आजच्या माकडाच्याहि नाहीं. माकडाचा व त्याचा पूर्वज एक, एवढेंच शास्त्र सांगतें. शिवाय त्या शिडीवर क्षत्रियांचा संहार करणारा परशुराम बसला आहे. ती कोणती प्रगति?

आमच्यांतलेहि कांहीं म्हणतात, मग निर्मिकहि सोडा. त्यांस आमचें उत्तर इतकेंच कीं, सृष्टि कशी घडली हें शास्त्र दाखवितें. ती कोणाची, हें प्रत्येकानें आपल्या मनास विचारावें. डार्विननें १८६० च्या दुसऱ्या आवृत्तींत शेवटच्या वाक्यांत निर्मात्याचें नांव घातलें. पुढें तो स्वतः संशयी झाला. हें लपवून निर्मिकाची वकिली आम्हांस करावयाची नाहीं. खऱ्या धन्यास खोट्या साक्षीदाराची गरज नसते.

आपलीं किती मुलें दहावीनंतर शाळा सोडतात, तें घरोघर ठाऊक आहे. राज्याच्या २०१८ च्या दहावीच्या विज्ञानाच्या दुसऱ्या भागाचा पहिलाच पाठ आनुवंशिकता व उत्क्रांति यांवर आहे. तो शिकविला कां, हें पोरांस विचारा. नसेल तर मास्तरांस जाब विचारा. पोराला बोंडअळी समजली, म्हणजे ब्रह्मदेवाचें मुख आणि पाय त्याला आपोआप समजतील.

— एक शाळामास्तर, टेंभुर्णी (जि. जालना)