निधी पैशाचा की वेळेचा?

निधी गोळा करण्यात आपला समाज मागे नाही, हे मान्य केलेच पाहिजे. गणपती असो, जत्रा असो की पूरग्रस्तांसाठी फेरी असो, पावतीपुस्तक घेऊन निघालेला माणूस रिकाम्या हाताने परतत नाही. आमच्या गावातील एका मुलाच्या हृदयाच्या शस्त्रक्रियेसाठी आठ दिवसांत लागेल तेवढी रक्कम उभी राहिली. त्याच गावाला आमच्या आजीच्या आजारासाठी मात्र काय द्यावे हे कळले नाही. माणसे निष्ठुर आहेत म्हणून असे झाले, असे मला वाटत नाही.

आजीला स्मृतिभ्रंश आहे. गावाच्या भाषेत म्हातारचळ! या विकाराचा सर्वांत जास्त आढळणारा प्रकार आलॉइस अल्झायमर या जर्मन डॉक्टरांनी १९०६ साली प्रथम मांडला. हा वयाचा दोष नसून मेंदूचा रोग आहे, हे जगाला कळून शंभरावर वर्षे लोटली. आमच्या घराला ते कळायला तीन वर्षे आणि दोन देवऋषी लागले. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीनुसार भारतात साठीपुढील सुमारे ८८ लाख माणसांना हा विकार आहे आणि शहरापेक्षा खेड्यात, पुरुषांपेक्षा स्त्रियांत त्याचे प्रमाण अधिक आहे.

शस्त्रक्रियेला आकडा असतो, तारीख असते, शेवट असतो. देणाऱ्याला समाधान मिळते. या आजारात यातले काहीच नाही. औषधाने काही काळ थोडाफार फरक पडतो. गेलेली आठवण परत येत नाही. खरा खर्च होतो तो माणसाचा. आजी चूल पेटती ठेवून उठते आणि कधीच बुजवलेल्या विहिरीवर पाण्याला निघते. म्हणून कोणीतरी सतत जवळ हवे. ते कोणीतरी म्हणजे आमची आई. तिची खुरपणीची मजुरी बुडाली, माहेरी जाणे थांबले. “तू कोणाची गं?” या प्रश्नाला दिवसातून दहादा “तुमचीच सून” असे उत्तर देणे हा तिचा दिनक्रम झाला. आमच्या घरातून कॉलेजची पायरी चढणारा मी पहिला. दुसरी माझी बहीण असायची. पण दहावीनंतर तिने आजीजवळ घरी बसावे असे आता घरात बोलले जाते. हा खर्च कोणत्या पावतीवर लिहायचा?

दरवर्षी २१ सप्टेंबरला जागतिक अल्झायमर दिन असतो. त्या दिवशी फेऱ्या निघतात, देणग्या जमतात. संशोधनाला पैसा हवाच. त्याला माझा विरोध नाही. पण तीनच दिवसांनी राष्ट्रीय सेवा योजनेचा वर्धापनदिन येतो. १९६९ साली सुरू झालेल्या या योजनेत स्वयंसेवकाने वर्षाला १२० तास द्यावेत अशी अपेक्षा आहे. त्यातील काही तास आपण अशा घरांना का देऊ नयेत? मानसशास्त्राच्या प्राध्यापकांनी आणि आरोग्य केंद्रातील डॉक्टरांनी आधी आपल्याला चार गोष्टी शिकवाव्यात. मग दोघादोघांनी आठवड्यातून एक दुपार म्हाताऱ्या माणसाजवळ बसावे. जमलेला पैसा सांभाळणाऱ्या बाईच्या बुडालेल्या मजुरीकडे वळवावा.

परक्या घरात आपल्याला कोण घेईल, असे काही मित्र म्हणतात. वर्गणीसाठी गेलो तर दार उघडते. मदतीसाठी गेलो तर का उघडणार नाही?

वीस विद्यार्थ्यांनी वर्षाला पन्नास तास दिले तर हजार तास होतात. तेवढ्या वेळात किती बायांना मजुरीला जाता येईल आणि किती मुलींची शाळा वाचेल, हा हिशेब आपल्या अर्थशास्त्राच्या वर्गात एकदा तरी मांडला जावा.