तिळगूळ घ्या आणि फॉरवर्ड करा

२०२६ च्या संक्रांतीला सकाळी उठून फोन बघितला तर व्हॉट्सॲपवर तिळगुळाचा नुसता ढीग. मोजले. एकवीस लाडू, त्यातले नऊ वेगवेगळ्या पक्षांच्या उमेदवारांकडून आलेले. कारण उघड आहे. दुसऱ्याच दिवशी, १५ जानेवारीला, मुंबई-पुण्यासकट २९ महापालिकांचं मतदान होतं. प्रत्येक लाडवाशेजारी हात जोडलेला एक चेहरा आणि खाली 'तिळगूळ घ्या, गोड गोड बोला'.

मला आधी हसू आलं, मग राग आला आणि शेवटी स्वतःचीच लाज वाटली. त्याच क्रमाने लिहितो.

हसू आलं ते प्रचार आठवून. नोव्हेंबर २०२५ मध्ये मुंबई भाजपचे अध्यक्ष अमित साटम यांनी मुंबईवर कुणी 'खान' महापौर लादू देणार नाही असं सांगून टाकलं होतं. म्हणजे रस्ते, नाले, पाणी राहिलं बाजूला, उमेदवाराचं आडनाव आधी बघा. मग जानेवारीत तमिळनाडूचे अण्णामलाई प्रचाराला आले आणि मुंबई हे महाराष्ट्राचं नव्हे तर आंतरराष्ट्रीय शहर आहे, अशा अर्थाचं बोलून गेले. त्यावर राज ठाकरे यांनी शिवाजी पार्कवर त्यांना 'रसमलाई' म्हटलं आणि साठ वर्षांपूर्वीची ती लुंगी-पुंगीची घोषणा पुन्हा बाहेर काढली. सगळ्या प्रचारात गोड म्हणावं असं तेवढंच, आणि तेही टोमणा म्हणून! :)

आता राग. आपण हे सगळं 'निवडणुकीतली गंमत' म्हणून सोडून देतो, पण ही गंमत मतदानाच्या संध्याकाळी संपत नाही. २०२४ च्या विधानसभेला योगी आदित्यनाथ 'बटेंगे तो कटेंगे' ही घोषणा घेऊन महाराष्ट्रात आले आणि सभा संपवून परत गेले. राहिलो आपण, एकमेकांच्या शेजारी. बीडचं उदाहरण घ्या. मराठा-ओबीसी वाद तिथे इतका तापला की २०२५ मध्ये पोलिसांच्या छातीवरच्या नेमप्लेटवरून आडनाव काढून टाकावं लागलं. फक्त पहिलं नाव. तक्रार द्यायला आलेला माणूस आधी समोरच्याची जात वाचतो आणि मग ठरवतो की इथे न्याय मिळेल का नाही. हे आपोआप झालेलं नाही. वर्षानुवर्षं प्रत्येक पक्षाच्या नेत्यांनी 'त्यांच्यामुळे तुमचं गेलं' असं सांगत सांगत हे पिकवलेलं आहे. कुणी धर्माच्या नावाने, कुणी जातीच्या, कुणी भाषेच्या. आणि तीच मंडळी संक्रांतीला लाडवाचा फोटो पाठवतात!

तुम्ही म्हणाल, राजकारण असंच चालायचं, नेत्याला मतं हवीत, तो काय साधुसंत आहे का? नसूदे. पण दुसरी एक संक्रांत सांगतो.

जुलै १९७८ मध्ये मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं नाव देण्याचा ठराव विधिमंडळात झाला. लगेच मराठवाड्यात आगडोंब उसळला. दलितांची घरं जाळली गेली, पोचिराम कांबळेंसारख्यांचे जीव गेले. सरकारने ठराव गुंडाळून ठेवला. पुढे कितीतरी मोर्चे, कितीतरी तुरुंगवास. आणि १४ जानेवारी १९९४ ला, संक्रांतीच्याच दिवशी, मुख्यमंत्री शरद पवारांनी नामविस्तार केला. 'डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ'. दोन्ही नावं ठेवली.

मी पवारांचा भक्त नाही. निर्णय साडेपंधरा वर्षं उशिरा आला, आणि नामांतर मागणाऱ्यांना नामविस्तारावर समाधान मानावं लागलं, हे खरंच आहे. पुढच्याच वर्षी, १९९५ मध्ये, त्यांचं सरकार गेलं. कारणं बरीच होती. पण मराठवाड्यात या निर्णयाची किंमत मोजावी लागू शकते हे त्यांना ठाऊक नव्हतं असं मी तरी मानणार नाही. ठाऊक असून केलं, हाच मुद्दा आहे. सलोख्यासाठी स्वतःच्या पदरचं काहीतरी पणाला लावावं लागतं. लाडवाच्या फोटोला काय लागतं? एक अंगठा.

आता लाजेचं सांगतो, कारण तो अंगठा माझाही आहे.

आमच्या शाळेचा एक ग्रुप आहे. २०२२ मध्ये तिथे एकाने एक फॉरवर्ड टाकला. 'यांच्या' दुकानातून काही घेऊ नका, वगैरे. ग्रुपमध्ये 'यांच्यातला' एकच जण होता, आणि दहावीला तो माझ्या बाकावर बसायचा. मी ते वाचलं. निळी टिक गेली असणार. म्हटलं, उगाच कशाला वाद, स्क्रोल केलं. चार दिवसांनी तो ग्रुप सोडून गेला. कुणी विचारलं नाही. मीही नाही.

ऑफिसमध्ये मी रोज कोड रिव्ह्यू करतो. तिथला नियम साधा आहे: तुम्ही बघून अप्रूव्ह केलंत की तो बग लिहिणाऱ्याचा जेवढा, तेवढाच तुमचाही. नेते विष लिहितात, कबूल. पण ते प्रॉडक्शनला जातं ते आपल्यासारख्या सुशिक्षित, 'मी पॉलिटिकल नाही बाबा' म्हणणाऱ्या लोकांच्या मुकाट्याने दिलेल्या अप्रूव्हलवर.

आणि एक गैरसमज काढून टाकू. 'गोड बोला' म्हणजे 'गप्प बसा' नव्हे. आईला हलवा करताना बघितलंय. मंद आचेवर, चमचा चमचा पाक घालत, तासन्‌तास हाताने हलवत राहायचं, तेव्हा कुठे तो फुलतो. आणि फुलतो म्हणजे काय, तर त्याला काटा येतो! बिनकाट्याच्या हलव्याला आमच्याकडे कुणी हलवा म्हणत नाही. तेव्हा नेत्यांना टोचेल असं बोलणं संक्रांतीच्या रीतीत बसतं. बसत नाही ते शेजाऱ्याला परकं ठरवणं.

तिळगूळ रथसप्तमीपर्यंत देता येतो. शनिवारी डबा घेऊन कोंढव्याला गेलो. दार त्यानेच उघडलं. केस बरेच पांढरे झालेत. मी डबा पुढे केला आणि पाठ करून आलेलं सगळं विसरलो.

"चार वर्षं लागली तुला?" तो म्हणाला.

गोड काही बोलला नाही. पण आत घेतलं, आणि चहा झाला.

तुमच्या ग्रुपमधून गुपचूप निघून गेलेलं कुणी आहे का? असणार. पुढच्या संक्रांतीची वाट बघू नका.